जिथे फोन, तिथे आ-लिन

समारंभाचे अध्यक्ष, अधिष्ठाता माननीय चुआंग साहेब. व्यासपीठावर बसलेले आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले सर्व विद्वान प्राध्यापक. आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होत असलेल्या आमच्या वेंग बाई. ‘सोबत’ प्रकल्पात इतकी वर्षं राबलेली तरुण मंडळी. माझ्यासारखीच, घरातल्या एका बंद दारामुळे या विद्यापीठाशी नातं जडलेली कुटुंबं. आणि तैनानच्या या उकाड्यात घरचा पंखा सोडून इथे आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा वाकून नमस्कार.

माझं नाव काओ चिंग-फा. मी विद्वान नाही. जन्म याच गावातला, पण कमावतं आयुष्य समुद्रापलीकडे, चीनमधल्या तुंगक्वानच्या एका छत्र्यांच्या कारखान्यात गेलं. तिथे माझ्याकडे तपासणीचं काम होतं. छत्री उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, आणि बरी असेल तर पुढे ढकलायची. वर्षअखेरच्या मेजवानीत मी कामगारांसमोर भाषणंही ठोकली आहेत. पण तिथे ऐकणाऱ्यांचं सगळं लक्ष सोडतीच्या बक्षिसांकडे असतं, त्यामुळे वक्त्याला कसली भीती नसते. इथे तुम्ही सगळे खरोखरच ऐकताय असं दिसतंय, म्हणून जरा भीती वाटते.

आत येताना चुआंग साहेबांनी मला हळूच बाजूला घेतलं. म्हणाले, “काओ साहेब, मोकळेपणाने बोला. फक्त शेवट जरा आशादायक करा, वार्ताहर आलेत.” साहेब, मी प्रयत्न करीन, पण जमेल असं वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वेंग बाईंनी परवा फोनवर मला वेगळंच बजावलं होतं. “माझं कौतुक करू नका. घडलं ते जसंच्या तसं सांगा. नाहीतर मी उठून जाईन.” आता माणसाने अध्यक्षांचं ऐकावं की सत्कारमूर्तींचं? आजचा दिवस बाईंचा आहे, तेव्हा मी बाईंचं ऐकतो. अध्यक्षांनी राग मानू नये.

माझा मुलगा यान-लिन. घरात आम्ही त्याला आ-लिन म्हणतो. एकुलता एक. अभ्यासात चांगला होता, इंजिनिअर झाला, शिंचूला मोठ्या कंपनीत लागला. मग एका हिवाळ्यात न कळवता घरी आला. बॅग ठेवली, आईच्या हातची माशाची पेज प्यायला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. झोपला असेल, म्हणाली त्याची आई. त्याची आई म्हणजे माझी बायको, सू-यून. ती फोनवर मला रोज सांगायची, दमलाय हो, झोपू दे. मग दमणूक संपायची आठवडाभर वाट पाहिली, महिनाभर पाहिली. जेवणाचा ट्रे दाराशी ठेवायचा आणि रिकामी भांडी उचलायची, एवढाच मायलेकरांचा व्यवहार उरला.

समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांना हे पुढे सांगायची गरज नाही. तुमच्या घरीही तसाच ट्रे असेल.

अशा वेळी वेंग बाईंची माणसं आमच्या दारात आली. प्रकल्पाचं नाव ‘सोबत’. मुलाच्या फोनमध्ये एक ॲप घालायचं. तो फोन मग गुपचूप टिपत राहणार. माणूस किती चालला, कुठे गेला, कधी झोपला, पडदा किती वेळ चालू होता, आसपास माणसांचे आवाज आहेत का, त्याच्या स्वतःच्या आवाजात जीव आहे का. बोलणं ऐकायचं नाही, फक्त आवाजाचा चढउतार मोजायचा, असं जियांगने शपथेवर सांगितलं होतं. ही जियांग पेई-शान, ती बघा त्या खांबाजवळ रुमाल घेऊन उभी आहे. घरोघर जाऊन हे समजावून सांगायचं काम तिचं. आणि या सगळ्या टिपणातून, माणूस आतून खचतोय हे त्याने तोंड उघडायच्या आधीच कळणार आणि त्याच्याकडे कोणीतरी धाव घेणार.

मंडळी, मी छत्रीवाला माणूस, पण कल्पना चांगली की वाईट एवढं मला कळतं. ज्याला बोलायचं नाही त्याचं दुःख त्याला काही न विचारता कळावं, यापेक्षा चांगली कल्पना कोणती असेल? आणि माझ्यासारख्या बापांना तर ती फारच सोयीची. विचारायला नको, ऐकायला नको, महिन्याला एक अहवाल वाचला की झालं.

संमतीचा कागद दाराखालून आत सरकवला आणि सही होऊन परत आला. आ-लिन नाही म्हणाला नाही, याचाच सू-यूनला केवढा आनंद झाला होता! जियांगने तिला नीट समजावलं. “काकू, एकच लक्षात ठेवा. फोन सतत त्याच्याजवळ असला पाहिजे. जिथे तो, तिथे फोन.”

“कळलं,” सू-यून म्हणाली.

आता इथे जे झालं ते आपल्याच लोकांत होऊ शकतं. दुसऱ्या देशातल्या शास्त्रज्ञाला शंभर वर्षं बसवलं तरी सुचणार नाही. आपल्याकडे माणूस भेदरला, त्याचा जीव थाऱ्यावर नसला, की आपण त्याला देवळात नेतो. आणि तो येण्यासारखा नसला तर? त्याचा अंगात घातलेला शर्ट नेतो. देवळातली बाई शर्टावरून उदबत्त्या फिरवते, मंत्र म्हणते, हरवलेल्या जिवाला नाव घेऊन हाक मारते, कॉलरवर देवीचा लाल शिक्का उमटवते. शर्ट घरी आणून माणसाच्या अंगात घातला की जीव जागेवर येतो. हसू नका. इथल्या निम्म्या प्राध्यापकांचे शर्ट लहानपणी आयांनी नेलेले आहेत. अधिष्ठाता साहेब मान खाली घालून हसतायत, म्हणजे त्यांचाही नेलेला असणार.

सू-यून आमच्या गल्लीच्या टोकाच्या माझू देवीच्या देवळात आ-लिनचा शर्ट न्यायचीच. आणि एके दिवशी तिला ट्रेवर, रिकाम्या वाटीशेजारी, त्याचा फोन सापडला. त्याला तो नको होता. त्याचं सगळं जग खोलीतल्या कॉम्प्युटरवर. आता फोन उचलून परत आत सरकवायला हवा होता, पण तिने तो शर्टात गुंडाळला आणि पिशवीत घालून बाहेर पडली.

माझी मेहुणी, सू-यूनची धाकटी बहीण, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने तेव्हाच विचारलं होतं, “ताई, हे काय खूळ? त्या जियांगने सांगितलं होतं फोन त्याच्याजवळ ठेव म्हणून.”

“अगं, शर्टाने होतं तर फोनने का होणार नाही?” सू-यून म्हणाली. “शर्ट तो दोन दिवस घालतो. फोन त्याच्या हातात किती वर्षं होता! त्याचा जीव त्यालाच जास्त चिकटलेला असणार. जरा ऊन लागू दे, माणसं ऐकू दे. संध्याकाळी परत दाराशी ठेवते, त्याने घेतला नाही तर रात्री माझ्या उशाशी.”

“आणि त्या विद्यापीठवाल्यांना काय सांगशील?”

“त्यांनीच तर सांगितलं. जिथे तो, तिथे फोन. म्हणजे जिथे फोन, तिथे तो.”

यावर मेहुणीने हात जोडले. मीही जोडले असते. सू-यूनपुढे मला तसंही फारसं बोलता यायचं नाही, लोक म्हणायचे, तेवढ्यासाठीच मी समुद्रापलीकडे नोकरी धरली.

मग अहवाल यायला लागले. पहिला आला तो मला तुंगक्वानला पाठवून सू-यूनने खाली लिहिलं होतं, बघा. मी बघितलं. मुलगा सकाळी बाजारात जातो. देवळात जातो, तिथे बराच वेळ थांबतो. कालव्याकाठी चालतो. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी मोठ्या गटात गप्पागोष्टी, हसणं. या शेवटच्या गोष्टीचं तर विद्यापीठात फार नवल झालं होतं म्हणे. ज्या मुलाने कुणाचं तोंड पाहिलं नाही, तो रोज न चुकता माणसांत मिसळतो! अहो, ती कचऱ्याची गाडी होती. गाणं वाजवत गाडी येते, गल्लीतल्या सगळ्या बायका पिशव्या घेऊन कोपऱ्यावर जमतात, गाडी यायच्या आधी अन् गेल्यानंतर एकमेकींच्या सुनांना नावं ठेवतात. सू-यूनच्या पिशवीत माझा मुलगा ते सगळं ऐकत उभा होता.

मी तो अहवाल जेवणाच्या वेळी कारखान्यातल्या लोकांना दाखवला. “पोरगा बाहेर पडायला लागला,” म्हणालो. त्या रात्री मला छान झोप लागली, हे मला कबूल केलं पाहिजे. विद्यापीठातही आनंद होता. बाकी मुलांच्या आलेखातल्या रेषा सपाट होत्या, आणि एकाची चढत होती. वेंग बाई मला नंतर म्हणाल्या, “काओ साहेब, काम सोडावंसं वाटलं की मी ती एक रेषा काढून बघायची.”

दुसऱ्या वर्षी ती रेषा उतरायला लागली.

चालण्याचा वेग कमी झाला. फेरफटका आखडला. मध्ये मध्ये थांबणं वाढलं, देवळाच्या पायरीवर जास्तच. झोप तुटक. आवाजातला चढउतार गेला. यंत्राने लाल खूण केली. सहभागी खचतो आहे, ताबडतोब लक्ष द्या.

आणि मंडळी, त्यांनी लक्ष दिलं. कामात कसूर केली असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. जियांगचा लगेच फोन. “काकू, आ-लिन हल्ली उदास वाटतो का हो? जेवतो ना?”

“जेवतो गं. ठीक आहे तो.”

“रात्री जागा असतो का?”

“तो कधी जागा नसतो, सांग!” म्हणून सू-यून हसली. ती कशी आहे हे जियांगने विचारलं नाही. तिने तरी का विचारावं? यंत्र मुलाबद्दल सांगत होतं. मीही रोज फोनवर मुलाबद्दलच विचारत होतो. मेहुणी मुलाबद्दल विचारायची. कोपऱ्यावरच्या बायका मुलाबद्दल विचारायच्या. त्या घरात एकच आजारी माणूस आहे असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि सर्वांत आधी ते सू-यूनने ठरवलं होतं.

मग विद्यापीठाने एक समुपदेशक पाठवले. फार भले गृहस्थ. दर आठवड्याला यायचे, आ-लिनच्या दारासमोर उशी टाकून बसायचे आणि बंद दाराशी मऊ आवाजात बोलायचे. थकवा आलाय का, छातीवर ओझं वाटतं का, चालताना पाय जड होतात का, सगळं एकट्यानेच ओढावं लागतंय असं वाटतं का. दारातून कधी उत्तर आलं नाही. सू-यून त्यांना चहा द्यायची, पेरूच्या फोडी द्यायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसायची, कारण तिला उभं राहवत नव्हतं. मेहुणीने एकदा पाहिलं. त्या गृहस्थांचा एकेक प्रश्न कानावर येत होता आणि ताई स्टुलावर बसून मान हलवत होती, हो, हो म्हणून. मेहुणीला वाटलं, मुलाचं वर्णन बरोबर जुळतंय म्हणून मान हलवतेय.

मदत आली होती. योग्य वेळी आली होती. आमच्या घरात येऊन त्या स्टुलाच्या पाच पावलं अलीकडे बसली होती.

माफ करा. पाणी आहे का? हं. धन्यवाद.

सू-यून देवळाच्या पायरीवरच पडली. हृदय बंद पडलं. मी विमानात बसायच्या आधीच ती गेलेली होती. रुग्णालयाने तिच्या वस्तू दिल्या. छत्री, किल्ल्या, आणि एका शर्टात गुंडाळलेला फोन. शर्टाच्या कॉलरवर लाल शिक्क्यांवर शिक्के. फोनच्या पाठीवरही एक. “हा आ-लिनचा फोन हिच्याकडे कसा?” मी विचारलं, आणि मेहुणीने तिथेच, रुग्णालयाच्या बाकावर, मला सगळं सांगितलं. म्हणजे बायको गेली ते मला सकाळी कळलं, आणि मुलगा दोन वर्षांत एकदाही घराबाहेर पडला नाही ते दुपारी.

घरी आलो. दार बंद. मेहुणीने त्या दारावर मुठी आपटल्या. “आई मेली रे तुझी! आता तरी बाहेर ये. कसला मुलगा आहेस? दगड आहेस का?” मी तिला आवरलं नाही. 

अंत्यविधीला मुलाने उदबत्तीचं पात्र हातात धरून पुढे चालायचं असतं. ते मेहुणीच्या मुलाने धरलं. मी जायला निघालो तर मेहुणी म्हणाली, “भावोजी, बायकोच्या मागून नवऱ्याने जायचं नसतं. गेलात तर पुन्हा लग्न करता येणार नाही.” मी म्हटलं, “बाई, या वयात छत्रीसुद्धा नवी घेत नाही मी.” आणि गेलो. जाताना आ-लिनचा फोन त्याच्या शर्टात गुंडाळून छातीशी धरला. यावरही तुम्ही हसाल. पण सू-यूनच्या हिशेबाने तिचा मुलगा तिच्या अंत्यविधीला हजर असायला हवा होता, आणि ते करायची मला दुसरी रीत माहीत नव्हती. भट्टीचं दार लागताना मुलाने ओरडून सांगायचं असतं, आई, आग आली, पळ. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच ओरडलो. “आ-लिनच्या आई, आग आली, पळ!” आयुष्यात तिला कधी चार लोकांत हाक मारली नव्हती.

आणि महिनाअखेरीला अहवाल आला. सहभागीने नव्या ठिकाणाला भेट दिली. मोठ्या गटात वावर. आवाजात भावनेचा स्पष्ट चढ. सुधारणेची लक्षणं दिसतात, अभिनंदन!

मी तो दोनदा वाचला आणि जियांगला फोन लावला. “पोरी,” म्हटलं, “तू रडू नकोस, पण तुला एक सांगायचं आहे.” ती रडलीच. बघा, आत्ताही रडते आहे.

दुसऱ्या दिवशी वेंग बाई स्वतः आल्या. बरोबर कुणी नव्हतं. बूट काढले, सू-यूनच्या फोटोसमोर उदबत्ती लावली, जमिनीवर बसल्या.  मग म्हणाल्या, “तुमचा मुलगा बरा होतोय, असं मी परिषदांमधून सांगत फिरत होते.”

“मीही कारखान्यात सांगत होतो,” मी म्हटलं.

“यंत्र चुकलं नव्हतं, काओ साहेब. त्या फोनजवळचं माणूस खचत चाललं होतं, हे त्याने बरोबर सांगितलं. ते माणूस कोण, एवढं एकदा घरात शिरून पाहायचं काम आमचं होतं.”

मी म्हटलं, “बाई, घर माझं होतं.”

पुढचं तुम्हाला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे. आ-लिनची नोंद बाईंनी स्वतःहून अभ्यासातून काढून टाकली आणि तसं जाहीर केलं. ती काढल्यावर चढणारी रेषाच उरली नाही. सगळ्या सपाट. अनुदान थांबलं. ‘सोबत’ आजपासून बंद. बाईंनी गप्प राहून निवृत्त व्हायचं ठरवलं असतं, तर आज या सभागृहात फुलांचे गुच्छ दुप्पट असते. कुणी काही बोललं नसतं. मीही बोललो नसतो. म्हणून मी आज त्यांच्यासाठी इथे उभा आहे. खोट्या आशेवर पोसलेलं आपलं उभ्या आयुष्याचं काम स्वतःच्या हाताने मोडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. यातून काही चांगलं निघालं का? नाही निघालं. बाई खऱ्या वागल्या, एवढंच.

एक विनंती मात्र मी त्यांना केली होती. म्हटलं, त्या दोन वर्षांच्या नोंदी माझ्या बायकोच्या आहेत, त्या मला द्या. त्या म्हणाल्या, देता येत नाहीत. सू-यूनने संमतीवर सही केलेली नव्हती, आणि सही नसलेल्या माणसाची नोंद पुसून टाकावी लागते. नियम योग्यच आहे. पण पुसायच्या आधी त्यांनी मला शेजारी बसवून एकदा दाखवल्या. पडद्यावर आमचं गाव, आणि गावातून फिरणारा एक ठिपका. बाजार, देऊळ, कालवा. कालव्याकाठी एका जागी तो ठिपका पुन्हा पुन्हा थांबलेला.

“इथे काय आहे?” बाईंनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. नंतर मी तिथे जाऊन पाहिलं. तिथे काहीच नाही. कठडा आहे आणि पाणी आहे. ती तिथे उभी राहून काय बघायची, हे तिने मला सांगितलं नाही, मी तिला विचारलं नाही, आणि आता ती नोंदही पुसली गेली.

चुआंग साहेब घड्याळाकडे बघतायत. आवरतो. फक्त एक गोष्ट राहिली आहे. ती वेंग बाईंनाही अजून ठाऊक नाही. मला स्वतःला ती गेल्या आठवड्यात कळली.

मी हल्ली आ-लिनचा शर्ट घेऊन देवळात जातो. माझा विश्वास आहे का, विचारू नका. ट्रे ठेवायचा, भांडी उचलायची, शर्ट न्यायचा, एवढंच मला करता येतं. गेल्या आठवड्यात तिथल्या बाईने उदबत्त्या फिरवता फिरवता शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाली, “भाऊ, हा त्या मुलाचा ना? अनवाणी आला होता तो?”

मी म्हटलं, “कोण अनवाणी?”

“अहो, तुमची बायको पडली त्या दिवशी. मीच तिच्या पिशवीतला फोन काढला. शिक्का मारून मारून ओळखीचा झालेला. त्यात ‘घर’ लिहिलेलं होतं, तिथे लावला. खूप वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला, पण बोलेना. मी म्हटलं, देवळात बाई पडल्यात हो, लवकर या. तेवढ्यात रुग्णवाहिका आली, तिला घेऊन गेली, फोनबिन सगळं बरोबर. आणि गाडी वळली नाही तोच हा मुलगा धावत आला. पाय उघडे, केस इथपर्यंत. उन्हात डोळे उघडेनात त्याला. ‘माझी आई कुठाय?’ म्हणाला. मी सांगितलं, आत्ताच नेली, मोठ्या रुग्णालयात. तो रस्त्याकडे बघत राहिला. गाड्या चाललेल्या, माणसं चाललेली. दोन वेळा पायरी उतरला, दोन्ही वेळा परत वर आला.  मी म्हटलं, बाळा, थांब, मी येते तुझ्याबरोबर, देवीपुढची उदबत्ती तेवढी विझवते. वळून आले तर गेलेला.”

मी धावतच घरी आलो, या वयात जितकं धावता येतं तितकं. दाराशी बसलो. म्हटलं, “आ-लिन, तू गेला होतास?”

मग दाराला कान लावला.

म्हटलं, “बाळा, तू आईसाठी गेला होतास. मला कळलं.”

 त्या दिवशीचा ट्रे तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीचाही.

वेंग बाई, माझा मुलगा इतक्या वर्षांत एकदाच घराबाहेर पडला. घरापासून देवळापर्यंत धावला, एका अनोळखी बाईशी बोलला, तिला प्रश्न विचारला. तुमच्या यंत्राला जे काही हवं होतं ते सगळं त्याने त्या एका सकाळी केलं. आणि त्याचा फोन त्या वेळी रुग्णवाहिकेत होता. त्या दिवसाची नोंद सांगत होती, सहभागी रुग्णालयात गेला. तो नाही गेला. तो थोड्यासाठी उशिरा पोचला, परत फिरला, दार लावून घेतलं, आणि आम्ही त्या दाराशी जाऊन त्याला दगड म्हणालो. आता तो ते दार उघडेल असं मला वाटत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही उघडलं नसतं.

बाई, तुमच्याकडे आता यंत्र नाही, प्रकल्प नाही, उद्यापासून विद्यापीठातली खोलीही नाही. तरी तुम्हाला हे कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं तर जरूर लिहा. सही मी देतो.

तुम्ही आमच्या घरी आलात, जमिनीवर बसलात आणि खरं बोललात, याबद्दल माझ्याकडून आणि सू-यूनकडून आभार. जियांग, तुझेही आभार, आणि पुरे आता रडणं. अध्यक्ष महाराज, शेवट तुम्हाला हवा तसा झाला नाही. वार्ताहरांना म्हणावं, गाळून टाका. मी साधा माणूस, सभेत काय बोलावं आणि काय घरी ठेवावं याचा अंदाज चुकला असेल, कुणाचं नाव घेताना मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. जेवणाचं आग्रहाचं आमंत्रण आहे, पण मला थांबता येणार नाही. घरी दाराशी ट्रे ठेवायची वेळ झाली आहे, आणि तो गरम असतानाच ठेवलेला बरा.